दोर ताणायच्या आधी सातबारा बघा

मे महिन्यात त्र्यंबक रस्त्यावर एका एजंटने मला रोपवे दाखवला. आकाशात नव्हे, त्याच्या गाडीच्या बॉनेटवर. बॉनेटवर बोटभर धूळ होती. त्या धुळीत त्याने किल्लीच्या टोकाने दोन उंचवटे काढले. "हा अंजनेरी, हा ब्रह्मगिरी." मधून एक रेघ ओढली. रेघेच्या जरा खाली एक चौकोन काढला आणि त्यात किल्ली टोचून म्हणाला, "आणि साहेब, हा आपला प्लॉट."

प्लॉट मला नको होता. ठाण्याच्या मेव्हण्याला हवा होता, आणि मी नाशिकचा म्हणून मला सोबत नेलं होतं, जणू नाशिकच्या प्रत्येक माणसाला गुंठ्याचा भाव पाळण्यातच शिकवतात. मी आपलं विचारलं, "पण रोपवे झालाय कुठे?" एजंट हसला. हसण्यात कुचेष्टा नव्हती, शाळेतल्या मास्तरांची सहनशीलता होती. "साहेब, रोपवे होवो न होवो. भाव तर झालाच ना." मग त्याने दोन वर्षांपूर्वीचा भाव सांगितला आणि आजचा सांगितला. दोन्ही ऐकून मेव्हण्याने पाण्याची बाटली उघडली.

अंजनेरी ते ब्रह्मगिरी या नियोजित रोपवेवर नाशकात आजवर जेवढी भाषणं झाली, निवेदनं दिली गेली, त्या सगळ्यांपेक्षा मला त्या एजंटचं वाक्य जास्त खरं वाटतं. त्या दिवशी डोंगरात खांबासाठी एक खड्डाही खणलेला नव्हता. तरी रोपवेचा पहिला प्रवासी वर पोचला होता, आणि तो प्रवासी म्हणजे जमिनीचा भाव. त्याला तिकीट लागलं नाही, रांगेत उभं राहावं लागलं नाही, आणि तो काही परत खाली उतरणार नाही.

डोंगरावर माणसं नेणारी खुर्ची आणि डोंगराच्या पायथ्याची जमीन यांचं हे लग्न आपण लावलेलं नाही. त्याचं मूळ बर्फाच्या मुलखात आहे. अमेरिकेत आयडाहो राज्यात सन व्हॅली नावाचं ठिकाण आहे. तिथे १९३६ साली जगातली पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. ती बांधली युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीने. कंपनीचे अध्यक्ष अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना बर्फाचा लळा असेलही, पण हिशेब साधा होता: पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांना प्रवासी हवेत, आणि प्रवासी यायला तिकडे काहीतरी हवं. कंपनीतल्या जेम्स करन नावाच्या इंजिनियरने त्याआधी बोटीत केळीचे घड चढवायची यंत्रणा पाहिली-आखली होती. फिरत्या दोराला आकडे, आकड्याला घड. त्याने घड काढले आणि तिथे खुर्ची टांगली. म्हणजे या खुर्चीचा जन्मच मुळी दुसरं काहीतरी विकण्यासाठी झाला. तेव्हा रेल्वेची तिकिटं विकायची होती. पुढे तिकिटांची जागा घरांनी घेतली.

त्याचं कारण समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. बर्फ पडणार चार-पाच महिने. तेही पडलंच तर. एक नवी लिफ्ट उभारायला लाखो डॉलर लागतात, आणि दिवसाच्या पासावर ते वसूल व्हायला माणसाचं आयुष्य जातं. त्याच्या उलट लिफ्टच्या पायथ्याशी घर बांधा. दाराबाहेर पाय टाकला की बर्फ, आणि संध्याकाळी बर्फावरून घसरत आलं की दार. असं घर एका सहीत विकलं जातं. म्हणून तिकडच्या कित्येक ठिकाणी नवी लिफ्ट कुठे बसवायची हे उतार बघून ठरत नाही, कुठल्या बाजूचे प्लॉट विकायचे राहिलेत ते बघून ठरतं. युटा राज्यातल्या पावडर माउंटन या जुन्या, साध्यासुध्या स्की-डोंगराची मालकी २०२३ साली नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी काही लिफ्ट फक्त तिथे घर घेणाऱ्यांसाठी राखून ठेवायचं धोरण जाहीर झालं. बाकीच्यांनी उरलेल्या उतारांवर घसरावं. तिथला बहुतेक डोंगर खासगी मालकीचा, म्हणून हे करता आलं. अमेरिकेतले पुष्कळ स्की-डोंगर सरकारी वनजमिनीवर परवान्याने चालतात, तिथे असं सरळसरळ दार लावून घेता येत नाही.

मला यात एक गोष्ट आवडली. लपवाछपवी नाही. घरं विकायची आहेत, लिफ्ट घरांसाठी आहे, आणि घर घेणाऱ्यांचे पैसे बाकीचा डोंगर चालवतील, असं मालक तोंडावर सांगतो. पटलं तर जा, नाही तर दुसरा डोंगर बघा. आपल्याकडे मात्र त्या खुर्चीत आधी एका म्हाताऱ्या आजीला बसवतात आणि तिचा फोटो काढतात.

आता आजीबद्दल. कारण रोपवेविरुद्ध अवाक्षर काढलं की लगेच विचारतात, "मग म्हाताऱ्या माणसांनी देव बघायचाच नाही का?" प्रश्न खोटा नाही. माझ्या आत्याचे गुडघे गेले तेव्हा तिची एकच इच्छा उरली होती, सप्तशृंगीच्या गडावर जायची. पायऱ्या चढणं शक्य नव्हतं आणि डोलीत बसायला ती तयार नव्हती. "चार माणसांच्या खांद्यावरून एकदाच जायचं असतं," असं म्हणायची. २०१८ साली गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि आम्ही तिला नेलं. रुळावरून तिरका चढणारा तो डबा हलला तशी तिने माझं मनगट धरलं, आणि वर पोचेपर्यंत सोडलं नाही. दर्शन घेऊन खाली आल्यावर म्हणाली, "एवढंसं तर होतं." पुढचे आठ दिवस घरी येईल त्याला ती ट्रॉलीचीच गोष्ट सांगत होती. तेव्हा डोंगरावर यंत्र नेणं म्हणजे पाप, असं मी म्हणणार नाही. रायगडावरही १९९६ पासून रोपवे आहे, आणि त्यातून वर गेलेल्या हजारो म्हाताऱ्याकोताऱ्यांनी शिवरायांच्या समाधीवर डोकं टेकवलं आहे.

पण सप्तशृंगीची ट्रॉली काय करते ते बघा. गडावर गाव आधीपासून आहे. गावापर्यंत रस्ता आधीपासून आहे. राहिल्या होत्या त्या गावापासून देवीपर्यंतच्या पायऱ्या. ट्रॉली तेवढंच अंतर उचलते. माणूस जिथे अडला तिथे हात देते.

अंजनेरी-ब्रह्मगिरी रोपवेचा बेत तसा नाही. केंद्र सरकारने २०२२-२३च्या अर्थसंकल्पात पर्वतमाला ही रोपवे योजना जाहीर केली. सरकारी-खासगी भागीदारीत देशभर दोर ताणायचे. त्यात आपला हा बेत आला: लांबी साडेपाच किलोमीटरांहून जास्त, खर्च पावणेचारशे कोटींच्या आसपास, आणि एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर. इथेच माझं अडतं. भाविकाला एक डोंगर पुरतो. ब्रह्मगिरीवर गोदावरीचं उगमस्थान आहे, तो तिथे जातो. अंजनेरीला हनुमानाचं जन्मस्थान मानतात, त्यासाठी वेगळ्या दिवशी, वेगळा नेम धरून जातो. एका तिकिटात दोन डोंगर, मधल्या दरीच्या देखाव्यासह, हे लागतं पर्यटकाला. पर्यटक येऊ नये असं नाही. पण मग तसं म्हणा. आत्याच्या गुडघ्यांच्या नावावर त्याचं बिल फाडू नका.

आणि ब्रह्मगिरीशी आपलं नातं तसंही शिखरापेक्षा फेरीचं जास्त. तिसऱ्या श्रावणी सोमवारी रात्रभर पावसात हजारो माणसं डोंगराला प्रदक्षिणा घालतात, अनवाणी, चिखलातून, टॉर्चच्या उजेडात. निवृत्तीनाथांना गहिनीनाथ भेटले ते याच डोंगराच्या फेरीत. वाघ आला, चुकामूक झाली आणि निवृत्तीनाथ गुहेत शिरले, ही कथा त्र्यंबकचं शेंबडं पोरही सांगतं. वर चढायच्या पायऱ्या बांधून दिल्या त्या कराचीच्या एका शेठजींनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. कराची कुठे आणि त्र्यंबक कुठे. पायथ्याशी त्यांनी प्लॉट पाडल्याचं काही ऐकिवात नाही.

मी स्वतः चेअरलिफ्टमध्ये बसलो तो औलीला, उत्तराखंडात. बर्फ नव्हतं, ऑक्टोबर होता, पिवळ्या गवताच्या उतारावरून ती आठशे मीटरची लिफ्ट चालली होती. चेअरलिफ्टची एक गंमत असते: ती तुमच्यासाठी थांबत नाही. दोराचं एकच अखंड कडं, दोन टोकांना दोन मोठाली चाकं, आणि ते कडं सेकंदाला दोन-अडीच मीटरच्या गतीने फिरतच राहतं. जमिनीवर दोन पावलं रंगवलेली असतात, त्यांवर पाय ठेवून मागे न बघता उभं राहायचं. खुर्ची मागून येते, गुडघ्यांच्या मागे धपकन आदळते आणि तुम्ही बसता. बसलात म्हणजे बसलात. मधे उतरायची सोय नाही, मधली माणसं तुम्हाला खाली नुसती दिसतात. एक बाई गवताचा भारा बांधत होती. तिने वर पाहिलंही नाही. दिवसातून शंभरदा डोक्यावरून पाय जात असतील तर कोण बघेल?

त्या औलीला खालच्या जोशीमठातून चार किलोमीटरचा रोपवे जात होता. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, तिथे जड बांधकामं करू नका, असं १९७६ सालीच मिश्रा समितीने लिहून दिलं होतं. तरी रोपवे झाला, मग त्याच्या ओढीने हॉटेलं झाली, मजल्यावर मजले चढले, वर धरणांची आणि बोगद्यांची कामं निघाली. जानेवारी २०२३मध्ये घरांच्या भिंती दुभंगल्या, माणसं शाळांमधल्या निवाऱ्यांत गेली आणि रोपवे बंद ठेवावा लागला. जोशीमठ रोपवेमुळे खचलं असं मी म्हणत नाही. कारणं अनेक आहेत आणि रोपवे त्यातलं सगळ्यात लहान असेल. पण एक दोर वर गेला की खाली काय काय उगवतं, ते तिथे दिसलं. दोराला आधार देणारे दहा-बारा खांब डोंगराला जड होत नाहीत. जड होतात ते खांबांच्या आशेने उभे राहिलेले पाचशे खांब, जे आरसीसीचे असतात आणि ज्यांचा कुठल्याच प्रकल्प अहवालात उल्लेख नसतो.

ही आशा त्र्यंबकच्या पायथ्याला कशी वागते ते आपण पाहिलेलं आहे. २०२१ साली ब्रह्मगिरीच्या कुशीत, सुपलीची मेट या वस्तीच्या अंगाने डोंगर पोखरल्याचं प्रकरण गाजलं. मेट म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरची चौकी. त्र्यंबकगड नांदता होता तेव्हा या मेटांवर पहारेकरी राहायचे, त्यांचे वंशज अजून तिथेच आहेत. जेसीबी आले, डोंगराचा हिरवा पदर फाटून लाल माती उघडी पडली आणि वस्तीतल्या लोकांना पावसाळ्यात दरड अंगावर येईल ही धास्ती पडली. ओरड झाली, महसूल खातं धावलं, काम थांबलं. तेव्हा रोपवेचं नावही एवढं चर्चेत नव्हतं. नुसत्या निसर्गरम्य या शब्दावर एवढं झालं होतं.

दुसऱ्या बाजूने समृद्धी महामार्ग आला. मे २०२३मध्ये तो भरवीरपर्यंत पोचला, मार्च २०२४मध्ये इगतपुरीला आणि जून २०२५मध्ये थेट आमण्यापर्यंत, म्हणजे मुंबईच्या उंबऱ्यापर्यंत. इगतपुरी, भावली, वैतरणा हा सगळा पट्टा शनिवार-रविवारच्या घरांनी भरत चालला आहे. जाहिरातींमध्ये डोंगर असतो, ढग असतात आणि काठोकाठ भरलेला पोहण्याचा तलाव असतो. या पट्ट्याला आता फक्त एक कारण हवंय नाशिककडे सरकायला. रोपवे हे फार चांगलं कारण आहे. सिंहस्थ २०२७ला आहे, म्हणून घाईचंही कारण तयार. कुंभमेळ्याच्या नावाने नाशकात काहीही चालतं. रस्ता रुंद होतो, झाडं जातात, निविदा निघतात, आणि कुणी विचारलं तर तो धर्माच्या आड आला.

पाण्याची गोष्ट या सगळ्याहून विचित्र आहे. त्र्यंबकला पाऊस कमी नाही, मुसळधार आहे, दोन-दोन महिने सूर्य दिसत नाही. पण हा काळा कातळ पाणी धरत नाही. वरून पडलं की खाली धावतं, आणि १४६५ किलोमीटर लांब गोदावरी जिथे जन्मते तिथली माणसं मे महिन्यात टँकरची वाट बघतात. ब्रह्मगिरीच्या अंगावरच्या मेटघर गावातल्या बायका आटलेल्या विहिरीत कडेच्या दगडांवर बोटं रोवून उतरताना २०२२च्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या. दोर नाही, शिडी नाही, तळाशी गढूळ पाणी आणि वाटीने भरलेला हंडा. त्याच डोंगरावर आता पावणेचारशे कोटींचा दोर. विहिरीत सोडायला दोन हजारांचा दोर मात्र तेव्हा कुणाकडे नव्हता. हे वाक्य लिहिताना मला ते फार सोपं वाटलं, आणि सोपं वाक्य शंकास्पद असतं हे मला माहीत आहे. एका खात्याचे पैसे दुसऱ्या खात्यात जात नाहीत वगैरे. पण पायथ्याला दोनशे खोल्यांची हॉटेलं आणि तीनशे बंगले झाले तर त्यांना पाणी कुठून, हा प्रश्न एकाच खात्याचा नाही. तो भूगोलाचा आहे. खोल बोअर मारली की आधी वरच्या विहिरीचा झरा जातो.

गिधाडांचा मुद्दा पर्यावरणवाल्यांनी चांगला मांडलाय, त्यामुळे मी थोडक्यात सांगतो. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक द्यायचे, अशी मेलेली जनावरं खाऊन ती देशभर मेली, २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, आणि तेव्हापासून ती कशीबशी सावरतायत. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी हा. हरसूलजवळ खोरीपाड्याला त्यांच्यासाठी गिधाड उपाहारगृह चालवलं जातं, गावकरी मेलेली गुरं तिथे आणून टाकतात. म्हणजे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात आपण त्यांना जेवायला वाढतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात त्यांच्या उडण्याच्या वाटेवर तारा बांधायला निघालो आहोत. पठारावर एक कंदीलपुष्पही आहे, ज्याचं शास्त्रीय नावच अंजनेरीवरून पडलं: सेरोपेजिया अंजनेरिका. पावसाळ्यात काही आठवडे फुलतं. २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला तो अशा गोष्टींसाठी. दर्जा कागदावर आहे, आणि कागदाला वाळवी कशी लागते हे सांगायला गिधाडं येणार नाहीत.

माझं म्हणणं मात्र गिधाडांवर संपत नाही. कारण गिधाडांचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, खांब जरा इकडे सरकवू, आणि वाद मिटल्यासारखा होतो. जमिनीचा वाद खांब सरकवून मिटत नाही. खांब जिकडे सरकेल तिकडे भाव सरकेल.

या मुलखातली बरीच जमीन आदिवासींची आहे: कोळी महादेव, ठाकर, वारली, कोकणा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ती बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेनंतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कायदा चांगला आहे. पण जमीन विकत न घेताही ताब्यात घेता येते, हे कुठल्याही तलाठी कार्यालयाबाहेरच्या टपरीवर एक कटिंग चहा पिईपर्यंत कळतं. दीर्घ मुदतीचा भाडेकरार, मुखत्यारपत्र, साठेखत, कुणा तिसऱ्याच्या नावावर व्यवहार. बॉनेटवर किल्ली टोचणाऱ्या आमच्या एजंटनेही "सातबाराचं टेन्शन घेऊ नका, ते आपण बघतो" असं दोनदा म्हटलं. मेव्हण्याला तेवढ्यानेच टेन्शन आलं, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

मग करायचं काय? रोपवे नको, एवढं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. दोन डोंगरांना जोडणारा हा लांबलचक दोर मला नकोच आहे. वृद्धांसाठी म्हणाल तर त्र्यंबकवरून ब्रह्मगिरीच्या उगमापर्यंतच्या वाटेला आधी भक्कम कठडे, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास आणि मधे बसायला सावली करा, डोलीवाल्यांना विमा आणि ठरलेले दर द्या. त्यानंतरही गरज उरली तर सप्तशृंगीसारखं छोटं, एकाच टोकाचं काही बोलू. पण सरकारला दोर ताणायचाच असेल तर त्याने क्रम बदलावा. आधी जमीन, मग दोर.

म्हणजे असं. स्थानकांच्या भोवतीचा पट्टा नकाशावर आखा आणि तिथला जमीनवापर बदलायचा अर्ज, एनए म्हणजे बिगरशेती म्हणा की रिसॉर्ट म्हणा, रोपवे सुरू होऊन काही वर्षं होईपर्यंत घेऊच नका. गेल्या पाच वर्षांत त्या पट्ट्यात झालेल्या प्रत्येक खरेदीखताची, भाडेकराराची आणि मुखत्यारपत्राची यादी गावच्या चावडीवर लावा. नावं वाचून आपल्याला बरंच काही समजेल, आणि माझी पैज आहे की रोपवेचे सगळ्यात कडवे समर्थक त्या यादीलाच विरोध करतील. तिसरं, पुण्या-मुंबईत, ठाण्यात आणि नागपुरात घर घेणारा माणूस मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रोचा अधिभार देतो, मग तो मेट्रोत कधी बसो वा न बसो. कारण मेट्रोने त्याच्या घराचा भाव वाढतो, असा त्यामागे तर्क आहे. हाच तर्क डोंगराच्या पायथ्याला का लागू होत नाही? पुण्यातला साधा नोकरदार सार्वजनिक कामामुळे झालेल्या भाववाढीचा वाटा सरकारला परत देतो. त्र्यंबकच्या पायथ्याला बंगला बांधणाऱ्याला मात्र जनतेच्या पैशाने वाढलेला भाव फुकटात खिशात घालता येतो. इथे एक टक्का नको, पाच घ्या, आणि ते पैसे मेटांवरच्या पाण्यालाच खर्च होतील असं लिहून घ्या.

आणि वनजमिनीचा करार करताना एक ओळ टाका: स्थानकात, खांबाखाली, दोराच्या सावलीत हॉटेल, सभागृह, दुकानांचा मॉल यांतलं काहीही बांधता येणार नाही. ज्याला दोर चालवायचा त्याने दोरच चालवायचा. तिकिटावर परवडत नसेल तर परवडत नाही. ही ओळ घातल्यावर किती कंपन्या निविदा भरायला पुढे येतात ते बघू. एकही आली नाही तर रोपवे नेमका कुणासाठी होता, ते पावणेचारशे कोटी खर्च न करता कळेल.

पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा मी मुद्दामच मधे आणला नाही. २०११ साली माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल आला, २०१३ साली कस्तुरीरंगन यांचा आला, २०१४ पासून मसुद्यावर मसुदे निघाले. वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै २०२४ला, आणखी एक मसुदा निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. मसुद्याच्या भरवशावर डोंगर ठेवणं म्हणजे मांजराच्या भरवशावर दूध ठेवण्यासारखं आहे.

रोजगाराचं विचाराल, तर तो बाजूला सारता येत नाही. रोपवेत तिकीट फाडायला, झाडलोट करायला, खुर्चीची दांडी लावायला माणसं लागतील, आणि त्यातली काही गावातली असतील. पण वाटेवरची माणसं त्याहून जास्त असतात. वैष्णोदेवीला ताराकोट ते सांझीछत रोपवे जाहीर झाला तेव्हा नोव्हेंबर २०२४मध्ये तिथले पाठीवर ओझी वाहणारे पिठ्ठूवाले, घोडेवाले आणि दुकानदार संपावर गेले. त्यांना प्रगती नको होती अशातला भाग नाही. त्यांचं दुकान वाटेवर होतं आणि वाटच हवेत जाणार होती.

त्या मे महिन्यातच, प्लॉट न घेता मेव्हणा ठाण्याला परत गेल्यावर, मी ब्रह्मगिरी चढलो. पहाटे निघालो तरी उतरताना ऊन डोक्यावर आलं होतं. पायऱ्यांच्या एका वळणावर पळसाच्या काठ्यांवर निळी ताडपत्री टाकून एक मावशी ताक विकत होती. मेटावरचीच होती. माठ ओल्या फडक्याने गुंडाळलेला, शेजारी काकडीच्या फोडी आणि तिखट-मिठाची डबी. मी बसलो, ताक घेतलं. ती वर आभाळाकडे बोट करून म्हणाली, "दादा, त्या खुर्च्या इथूनच वरून जातील म्हणतात. खरं का?"

"असं म्हणतात खरं."

"मग त्या इथं थांबतील का जराशा?"

मी म्हटलं, "नाही मावशी, मधे नाही थांबत त्या."

तिने माझा रिकामा ग्लास घेतला, पाण्याने विसळला. विसळलेलं पाणी फेकलं नाही, बाजूला लावलेल्या तुळशीच्या बुडाशी ओतलं. मग दुसरा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवत म्हणाली, "घ्या. आज तरी थांबलात."